सगुणाच्या मातीचा सौदा

शांतवनने मला फसवलं, असं मी सतरा वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. फसवलं मी — त्याला, मार्थाबाईंना, आमच्या चर्चच्या सबंध मंडळीला. यातला थोडा भाग मी गेल्या महिन्यात चार माणसांपुढे बोललो. उरलेला, म्हणजे जो खरा आहे तो, शांतवनखेरीज अजून कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलासुद्धा नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा तिच्या लेखी शांतवन चोरच होता. ती म्हणायची, जाऊ द्या, मी त्याला केव्हाच माफ केलंय. ज्याने काही केलंच नव्हतं त्याला माफ करून ती गेली. मी शेजारी बसलो होतो. मान हलवत होतो.

मला आता अडुसष्टावं चालू आहे. दमलोय. खोटं सांभाळायला अंगात ताकद लागते, हे तरुणपणी कळत नाही. तेव्हा वाटतं, एकदा ठणकावून बोललं की झालं. तसं होत नाही. दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी नवीन माणूस विचारतो, आणि मग पुन्हा तोच आवाज चढवायचा, तोच राग अंगात आणायचा. आणि खरं सांगू? तो राग यायचा. खोटा नसायचा. मला शांतवनचा खराखुरा संताप यायचा. हे कसं होतं, ते मला अजून समजलेलं नाही.

मी मावळातल्या कान्ह्याचा. बाप दुसऱ्यांची गुरं राखायचा. मीही राखली, मग एक शेळी घेतली, मग विकली, मग दोन घेतल्या. चाकणच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायला मी कुणाच्या मदतीने शिकलो नाही. समोरचा अडलेला आहे की नुसता बघायला आलाय, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. तोंड फटकळ, डोकं गरम — हे सगळा मावळ सांगेल. आमच्या छोट्याशा चर्चमध्ये माझा बाप जन्मभर दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला. त्याला कधी कुणी पुढे बोलावलं नाही. ते मी मनात ठेवलं होतं. पुढे चर्चवर पत्रे मी घातले, पंचकमिटीत गेलो, मंडळीचा चिटणीस झालो, आणि पहिल्या बाकावर बसलो. तरी ते मनातून गेलं नाही. पण हे मी कारण म्हणून सांगत नाही. मी कोण आहे ते कळावं, एवढंच.

यंदा भाताची लावणी उरकल्यावर आमच्या नव्या पाळकसाहेबांनी बुधवारी दुपारचा अभ्यासवर्ग सुरू केला. तरुण माणूस, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यांनी बायबलातला मलाखी संदेष्टा निवडला. चारच अध्याय, चार बुधवार. प्रत्येक अध्याय वर्गातल्या एकाने घरी वाचून यायचा आणि सगळ्यांपुढे मांडायचा. पहिला माझ्याकडे आला. पाळकसाहेब हसून म्हणाले, "भास्करभाऊ, जनावरांचा विषय आहे. तुमच्यावाचून कोण बोलणार?"

मला मलाखी आवडला. खरंच आवडला. बाकीचे संदेष्टे एकटेच बोलतात. याच्यात घासाघीस आहे. देव म्हणतो, मी तुमच्यावर प्रेम केलं. लोक उलट विचारतात — कशात केलंस? देव म्हणतो, तुम्ही माझा अपमान केलात. लोक म्हणतात — कशात केला? बाजारात हेच चालतं. गिऱ्हाईक म्हणतं, जनावर अधू आहे. व्यापारी म्हणतो, कुठं? बोट ठेवून दाखव. आणि बोट कुठं ठेवायचं ते त्या व्यापाऱ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मी घरी ओसरीवर बसून वाचत होतो आणि मला हसू येत होतं. ही सगळी माणसं माझ्या ओळखीची होती.

मग तो मूळ आरोप येतो. तुम्ही आंधळं, लंगडं, दुखणाईत जनावर देवापुढे आणता. आणि संदेष्टा टोमणा मारतो — हेच जनावर तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या पाहू, तो घेईल का? इथे मी थांबायला हवं होतं, नाही का? थांबलो नाही. कागदावर मुद्दे काढले.

बुधवारी मी अर्धा तास बोललो. चांगला बोललो. दहा-बारा माणसं होती, मान डोलावत होती. आणि शेवटी मला एक उदाहरण हवं होतं. कुणी मागितलं होतं उदाहरण? कुणी नाही. मी म्हणालो, लांब कशाला जायचं, आपल्या याच आवारात झालेली गोष्ट आहे. आणि मी शांतवनची गोष्ट सांगितली. कापणीच्या सणाला मी देवाला धडधाकट शेळी दिली होती, आणि ज्याच्याकडे राखण होती त्यानेच ती बदलून तिथे अधू शेळी बांधली. पाळकसाहेबांनी ती ऐकलेली नव्हती. ते हळहळले. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं, आणि माझं बोट त्याच ओळीवर होतं.

वर्ग सुटला. मार्थाबाई दारात चपला घालत होत्या. त्या लोणावळ्याला एका बंगल्यावर स्वयंपाकाला होत्या. आता गुडघे गेलेत, घरीच असतात. त्यांनीच ती शेळी तेव्हा लिलावात घेतली होती.

"भाऊ, येक बोलू का? राग येईल तुमाला."

"बोला."

"ती शेळी दोन वर्सं व्हती माझ्याकडं. तुमची जीप घरावरनं जायची ना, तुमी मानसांवर वरडत जायचा... तुमचा आवाज आला की ती दावं तानायची. लय वरडायची. दुसऱ्या कुनाच्या आवाजाला न्हाई."

सतरा वर्षांत पहिल्यांदा मला आवाज चढवता आला नाही.

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?" मी शेवटी विचारलं.

"तुमी दुसरी शेळी दिलीत ना मला. चांगली व्हती. दूध द्यायची." त्यांनी दुसऱ्या चपलेत पाय घातला. "माझं बी हाय त्यात. तुमचं येकट्याचं न्हाई."

आणि भिंतीला धरून त्या पायऱ्या उतरल्या.

आता ती शेळी. आमच्याकडे भात कापून झालं की कापणीचा सण करतात. जो तो आपल्या घरचं काहीतरी आणतो — नवं भात, भोपळे, कोंबडी, अंड्याची टोपली, लोणावळ्याकडची माणसं केक भाजून आणतात. सगळं शनिवारी संध्याकाळी आवारात जमा होतं. रविवारी उपासना झाली की त्याचा लिलाव. एकच अंडं सात-सात वेळा विकलं जातं. घेणारा पुन्हा मंडळीलाच देतो आणि पुन्हा बोली लागते. हसणं-खिदळणं, ओरडाआरडा. लिलाव पुकारायला कायम मी. माझा आवाज कामशेतच्या स्टेशनापर्यंत जातो, असं म्हणायचे.

त्या वर्षी मी शेळी दिली. काळी, अंगाने भरलेली, दिसायला उत्तम. तिची एका बाजूची कास दगडी झाली होती. एक सड मेला होता, दुसराही जायच्या वाटेवर होता. बाजारात ती खपली नव्हती. बघणाऱ्याने कासेला हात लावला की लगेच सोडून द्यायचा. दानाच्या जनावराच्या कासेला कोण हात लावणार? मी शुक्रवारपासून तिचं दूध काढू दिलं नाही. कास तुंबली की भरलेली दिसते, ही आमच्या धंद्यातली जुनी लबाडी. अशी ती तुंबलेली शेळी मी शनिवारी आवारात फणसाखाली बांधली, आणि सगळ्यांनी म्हटलं, भास्करशेठनी यंदा शेळी दिली.

का दिली मी अशी? आदल्या वर्षी मी उत्तम इंद्रायणीचं पोतं दिलं होतं, आणि टाळ्या केकला पडल्या होत्या. इतकं क्षुल्लक आहे ते. लिहायलाही लाज वाटते.

शांतवन चर्चचा राखणदार. आवारातल्या मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको सगुणा राहायचे. घंटा वाजवणं, झाडलोट, दफनभूमीत खड्डा खणणं, सगळं त्याच्याकडे. त्यांची एक मुलगी चार वर्षांची होऊन गेली होती. तिचा खड्डाही त्यानेच खणला होता. शनिवारी संध्याकाळी ती शेळी कळवळायला लागली. त्याने तिच्या कासेला हात लावला, तुंबलेलं दूध काढलं, आणि सगुणाकडून हळद मागून घेऊन दुखऱ्या बाजूला लावली. एवढंच त्याने केलं. रविवारी मी लिलाव पुकारला तेव्हा तो कोपऱ्यात उभा होता. गप्प. मार्थाबाईंची बोली शेवटची ठरली. घरात तान्ही नात होती, तिच्या दुधासाठी त्यांनी ती घेतली.

पुढच्या रविवारी मार्थाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं — भाऊ, तुमची शेळी अधू निघाली.

त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो, व्हय, चुकलो. लोक हसले असते. चार दिवस बोलले असते. बस्स. पण मला माझा बाप दाराजवळच्या बाकावर दिसला, आणि मी ओरडलो, "ही माझी शेळीच नव्हे! माझी धडधाकट होती. शनिवारी कुणाच्या ताब्यात होती, त्याला विचारा!"

तोंडातून गेलं, आणि सगळ्या माना शांतवनकडे वळल्या. तेव्हाही मागे घेता आलं असतं. पंचकमिटी बसली तेव्हाही घेता आलं असतं. उलट तिथे मीच त्याला प्रश्न विचारले. पंचांना जमत नव्हतं, मला जमत होतं.

"कासेला हळद कुणी लावली?"

"मी."

"का?"

"कळवळत व्हती, शेठ. कास दगडावानी लागली हाताला."

"म्हणजे जनावर अधू आहे, हे तुला शनिवारीच माहीत होतं?"

"व्हय."

"मग रविवारी लिलावाला तोंड का उघडलं नाहीस?"

तो म्हणाला, "तुमचं जनावर व्हतं, शेठ. चार मानसांत तुमाला खाली बघायला कसं लावू?"

कळतंय ना तुम्हाला? त्याने माझी लाज राखली होती. आणि मी त्याचाच फास त्याच्या गळ्यात घातला. मी टेबलावर मूठ आपटली — म्हणजे मी देवाला अधू जनावर दिलं, असं म्हणतोस? पंचांपुढे एका बाजूला पत्रे घालणारा माणूस होता, दुसऱ्या बाजूला झाडू मारणारा. त्याची राखणदारी गेली, खोली गेली, दोघांची नावं मंडळीच्या यादीतून कमी झाली. चिटणीस म्हणून ठराव मी लिहिला. आणि मार्थाबाईंना मी माझ्या गोठ्यातली चांगली दुभती शेळी दिली, सगळ्यांच्या देखत. तेव्हा मात्र टाळ्या पडल्या.

एवढं मी गेल्या महिन्यात बोललो. अभ्यासवर्गाचा तिसरा बुधवार होता. त्या अध्यायात देव म्हणतो, माझ्याकडे परत फिरा, मीही तुमच्याकडे फिरेन. आणि लोक तिथेही विचारतात — कसे फिरू? पाळकसाहेबांनी हाच प्रश्न वर्गाला घातला. कुणी म्हणालं उपास, कुणी म्हणालं प्रार्थना. वर्ग संपल्यावर मी पाळकसाहेबांना थांबवलं आणि म्हणालो, ती शेळी माझीच होती. त्यांनी शनिवारी पंचांना बोलावलं. तिथेही मी तेच सांगितलं.

पंच आता सगळे नवे आहेत, पोरंच म्हणायची. एकमेकांकडे बघायला लागले. एकजण कपाटातून ठरावाची वही घेऊन आला. "भाऊ, शांतवनने स्वतः कबूल केलंय की. हे बघा. तुमच्याच हातचं अक्षर आहे." दुसरा हळूच म्हणाला, "वहिनी गेल्यापासून भाऊ खचलेत." मी ओरडलो. खूप ओरडलो. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. माझं खोटं एका आरोळीत त्या चर्चमध्ये शिरलं होतं. खरं काही केल्या आत जाईना. पाळकसाहेब तेवढे माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, त्याने केलंच नव्हतं, तर मग कबूल का केलं?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

माहीत होतं. ते मी इथे सांगतोय. इतका वेळ मी शेळीभोवतीच फिरत होतो, कारण शेळी सांगायला सोपी आहे.

शांतवन आणि सगुणा आवारातून गेल्यावर सोमाटण्याच्या बाजूला कुठंतरी भाड्याने राहत होती. तो मिळेल ती राखण करायचा. आठेक वर्षांनी, भर उन्हाळ्यात, एके सकाळी तो माझ्या ओसरीपुढे येऊन उभा राहिला. वर आला नाही. मी चहा पीत होतो. सगुणा पहाटे गेली होती. तिला पोरीशेजारी माती द्यावी, एवढंच तो मागायला आला होता. मरताना तिने तेवढंच सांगितलं होतं. आणि आमच्या दफनभूमीत यादीतल्या माणसालाच जागा देता येते. यादीतून नाव गेलं असेल तर कमिटीची मंजुरी लागते, आणि ती चिटणिसाकडून मिळते. म्हणजे माझ्याकडून.

मी मघाशी म्हणालो ना — समोरचा अडलेला आहे की नाही, ते मला उभं राहण्यावरून कळतं. असा अडलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. उन्हाळा होता. प्रेत किती वेळ ठेवणार? दुसरी जागा नव्हती असं नाही. पण पोर इथे होती.

आणि मी काय केलं? मी सौदा केला.

मी म्हणालो, जागा देता येईल. पण ज्याचं नाव गुन्ह्यापायी कमी झालंय, त्याने पश्चात्ताप केल्याशिवाय मंडळी कशी घेईल? मंडळीपुढे उभा राहा, शेळी बदलली म्हणून सांग, क्षमा माग. दोघांची नावं मी आजच पुन्हा यादीत घालतो. मग सगुणा तुमच्या पोरीशेजारी जाईल.

शांत आवाजात म्हणालो. ओरडलो नाही. तेवढ्या एका वेळी माझं डोकं गरम नव्हतं.

तो म्हणाला, "शेठ, तुमाला ठावं हाय, मी न्हाई केलं."

मी म्हणालो, "ऊन वर चढतंय, शांतवन."

मला का हवं होतं ते? आठ वर्षं झाली होती, प्रकरण मेलेलं होतं, कुणी विचारत नव्हतं. पण मी विसरलो नव्हतो ना. त्याच्या तोंडून एकदा आलं, की मग मलाही झोप लागेल, असं वाटलं. त्याने कबूल केलं, तर कदाचित ते झालंही असेल — इथवर माझं डोकं गेलं होतं. माझा खोटेपणा मला त्याच्याकडून विकत घ्यायचा होता. किंमत म्हणून मी त्याच्या बायकोची जागा ठेवली, जी माझी नव्हतीच.

दुपारी चर्चमध्ये सगुणाची पेटी ठेवली होती. माणसं जमली होती. शांतवन उठला, पेटीजवळ गेला, आणि म्हणाला, "मी शेळी बदलली. मला क्षमा करा." तेवढंच. रडला नाही. मी पुढे होऊन त्याला मिठी मारली. बाया डोळे पुसत होत्या. तेव्हाचे पाळक म्हणाले, हरवलेलं मेंढरू परत आलं. त्याचं अंग माझ्या हातांत लाकडासारखं होतं. नंतर मी वही काढली आणि सावकाश, वळणदार अक्षरात सगळं लिहून घेतलं. खाली त्याचा अंगठा घेतला.

त्या रात्री मला झोप लागली. हे लपवत नाही. लागली, आणि पुढे कित्येक वर्षं लागत राहिली.

चौथ्या बुधवारी मी वर्गाला गेलो नाही. शेवटच्या अध्यायात म्हणे चांगलं सगळं येतं — सूर्य उगवतो, आणि माणसं गोठ्यातून सोडलेल्या वासरांसारखी उड्या मारत बाहेर पडतात. मी हजारो वासरं सोडलेली आहेत, मला ते दिसतं. पण तिथे बसून ऐकायचा धीर नव्हता. मी लोणावळ्याला गेलो. शांतवन तिथे डोंगराकडच्या बंगल्यांच्या एका वसाहतीच्या फाटकावर असतो, हे मार्थाबाईंनीच सांगितलं होतं. सत्तरी उलटलेला माणूस. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, दोन माणसं मावतील एवढा. धुक्यातून मला ओळखायला त्याला वेळ लागला.

"शेठ? तुमी हितं?" त्याने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची पुसून माझ्यापुढे सरकवली.

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं बोललो. शेळीचं, हळदीचं, ओसरीवरचं. पंचांना अर्धंच सांगितलं, हेही सांगितलं. मध्येच मुंबईची एक गाडी आली. त्याने नंबर वहीत उतरवला, फाटक उघडलं, लावलं, आणि परत येऊन उभा राहिला. म्हणजे, बोला पुढं. मी पुढचं बोललो. मला वाटत होतं, तो शिव्या देईल. मारेल. मला ते हवं होतं, हेही सांगून टाकतो. माझ्यासारख्या माणसाला भांडण सोपं जातं.

त्याने फाटकाची कडी नीट बसवली.

"शेळीचं मी कवाच सोडलं, शेठ," तो म्हणाला. "मानसं चोर म्हनली. म्हनू द्या. मानसांचं काय. पर त्या दिवशी सगुना म्होरं व्हती. पेटी उघडीच व्हती. तिला सगळं ठावं व्हतं, आन तिच्या म्होरं, द्येवाच्या म्होरं, मी खोटं बोललो. त्याची माफी मी रोज मागतो. बसलो की मागतो. पर मागता मागता अडतो."

"का?"

"कारन पुन्ना तीच येळ आली, तर मी पुन्ना तसंच बोलीन. न्हाई बोललो तर ती पोरीशेजारी कशी जाईल? म्हंजी मला पस्तावा हाय, आन न्हाई बी. मग माफी मागतो ती खरी का खोटी? तुमी वर्गाला जाता. तुमी सांगा."

आयुष्यभर समोरच्याचं तोंड बंद करत आलो. मी त्याची नोकरी घेतली होती, खोली घेतली होती, नाव घेतलं होतं. पश्चात्ताप तरी त्याचा त्याच्याकडे राहायला हवा होता की नाही? तोही मी घेतला होता. आणि तो काही केल्या परत देता येत नाही. वहीतलं पान फाडता येईल, मंडळीपुढे उभं राहता येईल — राहणार आहे, या रविवारी, पंच काहीही म्हणोत, आणि या वेळी ओसरीवरचं आधी सांगणार आहे. पण ते माझं झालं. त्याचं काय?

आणखी एक गाडी आली. हॉर्न वाजवायला लागली. शांतवन गेला नाही. त्या मोठ्या शर्टात तो माझ्यासमोर ताठ उभा राहिला. चाळीस वर्षांत त्याने माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तो तेव्हा चढवला.

"मी वर गेलो, की मला इचारत्याल. तुझ्या बायकूच्या म्होरं खोटं का बोललास म्हनून इचारत्याल. जाब कुनी द्यायचा, शेठ? मी कुनाचं नाव सांगू?"

"माझं," मी म्हणालो.